साठ हातांची सावर

“हे कोनी मानणार नाई,” डोमाजी मान मागे टाकून म्हणाला, “पन त्या शेंड्याच्या फांदीवर बसून मी भाकर खाल्ली हाय. आन् भाकर खाता खाता मंचेरियलची कोळशाची गाडी मोजली हाय. बावन डबे.”

मोतीराम कमरेला दोर बांधत होता. त्यानं गाठ आवळली, ओढून पाहिली, आणि डबे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सावरीच्या बुंध्याला त्याची शिडी टेकवलेली होती. शिडी जिथं संपत होती तिथं झाड नुकतं कुठं सुरू होत होतं. आणि वर, पार वर, पानांच्या फटींतून ढगाळ आभाळ तुकड्यातुकड्यांनी दिसत होतं तिथं, संघमचं, म्हणजे गावातल्या बायांच्या बचतगटाचं, फवारणीचं ड्रोन अडकलं होतं. टाकी तिरपी, दोन पंखे मोडलेले, एक पाय आभाळाकडे. उलथून पडलेल्या खेकड्यासारखं.

“मंचेरियल इथून कितीक लांब हाय, बाबा?” मोतीरामनं विचारलं.

“तवा हवा साफ होती.”

“मंग सव्वीस डबे असन,” शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, बसलेल्या बायांमधून लक्ष्मीबाई म्हणाली, आणि तसल्या प्रसंगातही दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला.

डोमाजीला राग आला नाही. गावात त्याची गोष्ट ऐकायची एक रीत होती आणि ती कोणाला शिकवावी लागत नसे: तो सांगेल त्याचं अर्धं करायचं. तो म्हणाला चार अस्वलं, तर दोन. तो म्हणाला बेज्जूरकडे प्राणहितेत आपण बैलगाडीत मावेना असा मासा धरला, तर लोक अर्धी बैलगाडी धरत. मासा प्रत्यक्षात ताटात मावला होता, पण एवढी सवलत गावानं त्याला आपखुशीनं दिलेली होती.

ही रीत घातली त्याच्याच बायकोनं, शकुबाईनं. तो दारातूनच ‘वीस मानसं जेवाले आनून राह्यलो’ असं ओरडला की ती दहांचं पीठ मळायची, आणि एकदाही भाकर कमी पडली नाही. चार वर्षांमागं शकुबाई गेली. जाण्याआधी तिनं सुनेला चुलीच्या, गोठ्याच्या, सणावाराच्या पुष्कळ गोष्टी सांगून ठेवल्या, त्यात हीही सांगितली असणार. कारण तिच्याच तेरवीला डोमाजी म्हणाला, दोनशे पान उठंल. आणि चंदानं एका शब्दानं न विचारता शंभरांचा भात टाकला. तो पुरला. डोमाजी हे बघत ओसरीवर बसला होता. त्या दिवशी सकाळपासून त्याला रडू येत नव्हतं, ते तेव्हा आलं, आणि त्यातच हसूही आलं.

आता तीच चंदा धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एकटी उभी होती. ड्रोनचा रिमोट तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, ऊन-पावसात मूल धरावं तसा. यंत्र अडकल्याबरोबर तिनं ते बंद केलं होतं आणि तेव्हापासून ती कोणाशी बोलली नव्हती. बायांच्या नजरा सारख्या तिच्याकडे वळत होत्या. म्हणून तर डोमाजीनं भाकरीची आणि डब्यांची गोष्ट काढली होती. लोक त्याला हसत होते तेवढा वेळ तिच्याकडे बघत नव्हते.

सुनेविषयी बोलताना एरवी डोमाजीला काही वाढवावंच लागत नसे, आणि त्याची त्याला थोडी चीड यायची. मुलगा करण ट्रकवर. आठवड्यातून एकदा इचोड्याला उतरून घरी यायचा. तो नसताना हिनं घर धरलं, शेत धरलं, हे खरं. संघमच्या अठरा बायांतून नाव निघालं तेव्हा पंधरा दिवस हैदराबादला राहून ड्रोन शिकून आली, हे खरं. सात मिनिटांत एकर फवारते, हे खरं. अकरा गावांत लेकरं तिला ‘ड्रोनवाली काकू’ म्हणतात, हेही खरं. सगळंच खरं असल्यावर गोष्ट सांगणाऱ्यानं करावं काय? शेवटी त्यानं त्यात मोठी विमानं आणली होती.

त्याचं असं झालं. एकदा चंदा ओसरीवर बसून परीक्षेचं पुस्तक चाळत होती. डोमाजीनं विचारलं, एवढं काय पाठ करून राह्यली? ती म्हणाली, “मामाजी, या यंत्राले डोळे नाईत. टाकी सरली का ते आपोआप वर जाते आन् सरळ रेघेत घरी येते. मंग त्या रेघेत सगळ्यात उंच काय हाय, झाड का खांब, ते आपुन आधी पाहाचं. त्याच्यावर पंधरा फूट मोकळे ठेवाचे. तेवढा आकडा यंत्राले सांगाचा. का बापा, याच्या खाली येऊ नको.”

“आन् मोठ्या विमानाचं?”

“त्याचंबी तसंच. पायलट लोकाच्या नकाशात चौकोन असतेत. हरेक चौकोनात एक आकडा. त्या चौकोनात जो डोंगर सगळ्यात उंच, त्याच्यावर हजार फूट. डोंगराळ मुलूख असला तं दोन हजार. ढगात काही दिसलं नाई तरी त्या आकड्याच्या वर राह्यलं का कशाले धडकत नाई.”

डोमाजी त्या रात्री बराच वेळ जागा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गावाला कळलं की नागपूरहून हैदराबादला जाणारं विमान आपल्या शिवारावर आलं की जरासं वर चढतं, कारण आपल्या चौकोनात डोमाजीच्या धुऱ्यावरची सावर आहे. दिल्लीच्या हापिसात तिची नोंद आहे. मोतीराम म्हणाला होता, “अर्धं चढत असन.”

आज कोणी विमानाचं नाव काढत नव्हतं.

रेणुकाबाई, संघमची अध्यक्षीण, बायांच्या मधोमध मांडी घालून बसली होती. तिच्याच शेतात फवारणी चालू होती. बाई कडक होती पण कपटी नव्हती. यंत्र आलं त्या दिवशी तिनंच ठराव लिहून घेतला होता की यंत्र अठरा जणींचं आहे. मोडतोड झाली आणि चौकशीत उडवणारीची चूक निघाली तर रिमोट दुसरीकडे जाईल. दुसरी शिकलेली म्हणजे तिची भाची अश्विनी. ड्रोन सुरू झालं की आवाजानंच त्या पोरीचं डोकं धरायचं, पण तिच्याकडे प्रमाणपत्र होतं.

“साहेब येऊन राह्यले,” कोणीतरी म्हणालं.

यंत्राच्या कंपनीचा पंकज आदिलाबादहून आला होता. पंचविशी-तिशीचा, नागपूरकडचा, बोलायला गोड. गाडी रस्त्यावर ठेवून पॅन्ट दुमडत तो काळ्या मातीतून आला तेव्हा त्याच्या बुटांना एवढा चिखल लागला होता की चार बोटं उंच दिसत होता. त्यानं आधी वर पाहिलं, मग चंदाकडे.

“तुम्हाला कुठं लागलं नाही ना, ताई?”

चंदानं मान हलवली.

“मग बाकीचं होतं सगळं. अर्ज भरायचाय. काय झालं, कसं झालं, एवढंच.”

हे ‘एवढंच’ ऐकून रेणुकाबाईनं पाठ ताठ केली.

काय झालं ते डोमाजीला पुरतं ठाऊक होतं. सकाळी सात वाजता चंदा वही-पेन घेऊन याच धुऱ्यावर उभी होती. जमिनीत काठी रोवून तिची आणि झाडाची सावली मोजायची, आणि त्यावरून झाडाची उंची काढायची, असं तिला शिकवलेलं होतं. पण चार दिवस आभाळ भरलेलं. सावलीच पडली नव्हती. दहा वाजता वारा सुटणार, त्याआधी सहा एकर उरकायचे. कपाशीवर तुडतुडे पडलेले. ती म्हणाली, “मामाजी, सावर किती उंच हाय?”

डोमाजीनं आजवर सावरीच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या, पण आकडा कधी सांगितला नव्हता. आभाळाला टेकते म्हटल्यावर आकड्याची गरज पडत नाही. त्यानं तोंड उघडलं. सवयीप्रमाणं ‘एकशेवीस’ जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात त्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. वहीच्या कोऱ्या ओळीवर पेन टेकवून ती थांबली होती. आयुष्यभर लोकांनी त्याचं ऐकलं, हसले, सोडून दिलं. त्याचं बोलणं लिहून घ्यायला आजवर कोणी थांबलं नव्हतं.

त्यानं तोंड मिटलं. बावीस वर्षांचा असताना तो या झाडावर मोहोळ काढायला चढला होता. झाड तेव्हाच पुरं वाढलेलं होतं आणि पोळं पार शेंड्याला; ते खाली सोडायला दोराच्या टोकाला दगड बांधला होता. दगड टेकला तिथं गाठ मारली आणि उतरल्यावर सबंध दोर कोपरापासून बोटापर्यंत मोजला. दोनदा मोजला. पहिल्यांदा मोजताना मधमाशी चावली म्हणून.

“साठ हात,” तो म्हणाला. “दोरानं मोजेल हाय. एक कमी नाई, एक जास्त नाई.”

चंदा हसली. अगदी शकुबाईसारखी, खालचा ओठ जरा दाबून. मग तिनं लिहिलं. काय लिहिलं ते त्याला दिसलं नाही. चष्मा घरी होता.

पहिल्या दोन टाक्या अलीकडच्या तुकड्यात संपल्या. यंत्र गेलं, फवारून आलं, बघ्यांनी पाहिलं. तिसरी टाकी सावरीच्या पलीकडे. ती सरली, यंत्र कपाशीवरून सरळ वर चढायला लागलं, आणि डोमाजी त्याच्याबरोबर मान वर नेत गेला. अजून चढेल, अजून चढेल, असं त्याची मान म्हणत होती. मानेच्या आधी यंत्र थांबलं. झाडाचा वरचा तिसरा हिस्सा अजून बाकी होता. मग त्यानं तोंड घराकडे फिरवलं आणि ते निघालं.

“वर!” डोमाजी ओरडला. “वर घे वो! अजून वर!”

कपाशी निंदणाऱ्या बायांनी ऐकलं. मोतीरामनं ऐकलं. चंदानंही ऐकलं, तिनं पडद्यावरून डोळे उचलून एकदा सासऱ्याकडे पाहिलंही. पण ओरडणारा डोमाजी होता. तिला ठरवायला जो एक क्षण लागला तेवढ्यात फांद्या मोडल्याचा आवाज झाला.

पानं खाली येत होती तेव्हा तिनं पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात त्याला वहीतला आकडा चष्म्याशिवाय दिसला. तीस.

वाईट वाटलं का? वाटलं. घटकाभर चांगलंच वाटलं. जन्मात एकदा नेमकं बोलला, आणि नेमकं त्याच दिवशी. एकशेवीस म्हणाला असता तर यंत्र सुखरूप घरी आलं असतं. मग बिडी पेटवताना त्याच्या ध्यानात आलं की पोरीनं चूक कुठं केली? तिनं घरची रीत पाळली. ती रीत पडावी म्हणून पन्नास वर्षं मेहनत कोणी केली होती?

एव्हाना मोतीराम शेंड्याजवळ पोचला होता. खालून त्याचा फक्त लाल गमछा दिसत होता. पंकजच्या सांगण्यावरून त्यानं आधी यंत्राची बॅटरी काढून पिशवीत घालून खाली सोडली, मग यंत्राला दोर बांधला. यंत्र फिरत, फांद्यांना चाटत, नवरीसारखं हळूहळू खाली आलं. बायांनी हात लावून ते अलगद घेतलं. रेणुकाबाईनं मोडलेल्या पंख्यावरून एकदा बोट फिरवलं.

“आता कमरेची मोजफीत वरून सोडा,” पंकज ओरडला. “झाडाची पूर्ण उंची लागेल अर्जात.”

लांब फितीचं टोक डोलत खाली आलं. डोमाजी उठून जवळ गेला. आकडा लहान होता आणि त्याचे डोळे अधू, पण पंकजनं मोठ्यानं वाचला.

“सत्याऐंशी. वरचा शेंडा धरून एकोणनव्वद फूट.”

“म्हनजे कितीक हात?” लक्ष्मीबाईनं विचारलं.

“साठाला थोडे कमी.”

“अगं माय!” ती म्हणाली. “मी तं वीस-पंचवीस समजत होती. रोज खालून जातो, वर पाह्यते कोन?”

सगळ्या जणी वर बघायला लागल्या. पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या. डोमाजीच्या छातीत काहीतरी उड्या मारत होतं. साठ. एक फुटाचा फरक, तो तर मोहोळाच्या माशीनं केला असणार. सबंध गाव हजर होतं, कंपनीचा साहेब हजर होता, आणि जगात पहिल्यांदा त्याच्याजवळ पुरावा होता, तोही फितीनं मोजलेला. आता फक्त कोणीतरी विचारायचं होतं.

पंकजनं विचारलं. कागद मांडीवर घेऊन तो मोडक्या फांदीवर बसला, चंदाची वही उघडली आणि कपाळाला आठी घातली.

“ताई, इथं तीस हात लिहिलंय. म्हणजे पंचेचाळीस फूट. वर पंधरा मोकळे, साठ फूट. यंत्र बरोबर साठ फुटांवरून आलं. यंत्राचा दोष नाही. पण झाड एकोणनव्वद आणि वहीत पंचेचाळीस? हे तीस आले कुठून?”

चंदानं रिमोट आणखी घट्ट धरला.

“सावली मोजली होती का?”

“सावली नव्हती, साहेब.”

“मग अंदाजानं लिहिलं? की कोणी सांगितलं?” त्यानं पेनानं कागदावर टिचकी मारली. “विचारतो कारण इथं वेगळे रकाने आहेत. झाडाच्या मालकानं चुकीची उंची सांगितली असेल तर ते वेगळं. तुम्ही स्वतः चुकीची टाकली असेल तर मला ‘उडवणाऱ्याची चूक’ लिहावं लागेल.”

रेणुकाबाईनं हळूच ठरावाची वही पिशवीतून काढून मांडीवर ठेवली. उघडली नाही.

डोमाजीनं सुनेकडे पाहिलं. रिमोटवरची तिची बोटं पांढरी पडली होती. हीच बोटं लग्नानंतरच्या पहिल्या साली कापूस वेचून फाटायची, आणि ती रात्री त्यांना करडीचं तेल लावत बसायची. इंटरपर्यंत, म्हणजे बारावीपर्यंत, शिकलेली पोर, कोणाजवळ बोलायची नाही. यंत्र पहिल्यांदा उचललं त्या दिवशी मात्र ती भर शेतात, सासऱ्यासमोर, खळखळून हसली होती. घरात सात वर्षं राहूनही डोमाजीला तोवर ठाऊक नव्हतं की हिला डाव्या गालावर खळी पडते.

त्याच्या तोंडात साठ होते. त्यानं ते एकदा जिभेवर घोळवले, चव घेतली, आणि गिळून टाकले.

“मी सांगतलं,” तो उठून धोतर झटकत म्हणाला.

सगळ्यांच्या माना वळल्या.

“तुम्ही कोण, बाबा?” पंकजनं विचारलं.

“झाड माझं हाय. पोरगी सून हाय. सकाळी तिनं मले विचारलं, झाड कितीक उंच? मी सांगतलं, तीस हात. तिनं लिहून घेतलं. म्हाताऱ्या मानसावर भरवसा ठेवला, एवढाच तिचा गुन्हा.”

“बाबा!” रेणुकाबाईचा आवाज चढला. “वय काय, करून काय राह्यले! हे काय मासे-अस्वलाची गोष्ट होती का?”

“चुकलो, बाई.”

“चुकलो कसं? अठरा जनींचं यंत्र हाय!”

“चष्मा घरी होता,” डोमाजी म्हणाला. आता त्याला जरा लय सापडत होती. “आन् सकाळी धुकं होतं. मले झाड खालून अर्धंच दिसलं. जेवढं दिसलं तेवढं सांगतलं. वरचं अर्धं धुक्यात होतं, त्याचा मले पत्ताच नाई.”

दोर गुंडाळत खाली उतरलेला मोतीराम घाम पुसता पुसता थांबला. “पन बाबा,” तो म्हणाला, “तुमी कमी सांगतलं? तुमी?”

“हो गा.”

“जिंदगीत कंदी?”

“बुढा झालो, मोतीराम. गोष्टी आखडून राह्यल्या.”

कोणीतरी हसलं. पण यावेळचं हसू वेगळं होतं, आणि डोमाजीच्या कानाला ते लगेच कळलं. पन्नास वर्षं तो हशाच्या प्रती ओळखत आला होता. हे पातळ होतं.

पंकज लिहीत होता. “झाडाच्या मालकानं… उंची… चुकीची सांगितली. बरोबर?”

“बरोबर.”

“मग ताईंची चूक येत नाही. तुमचं बयान म्हणून खाली सही लागेल. अंगठा चालेल.”

“सही येते मले,” डोमाजी म्हणाला. “निजामाच्या शाळेत उर्दूत शिकलो. वजीर आमच्या वर्गात येत होता.”

या वेळी कोणी अर्धं केलं नाही. रेणुकाबाईनं ठरावाची वही परत पिशवीत सारली. तिचा चेहरा सैल झाला होता. चंदाकडे बघून तिनं ‘जाऊ दे’ असा हात हलवला, कारण खरं म्हणजे तिलाही अश्विनीची धास्तीच होती. पण डोमाजीकडे वळली तेव्हा ती हसली नाही.

“ऐका, बाबा. आतापर्यंत तुमी जे सांगतलं त्याचं आमी अर्धं तं धरत होतो. काही ना काही खरं असन म्हून. आजपासून तेबी नाई. तुमी सांगान का पानी पडून राह्यलं, तं मी बाहेर हात काढून पाहीन.”

बायांनी माना डोलावल्या. मोतीरामनं दुसरीकडे पाहिलं.

“ठीक हाय,” डोमाजी म्हणाला.

त्यानं पेन घेतलं. कागद पंकजच्या गुडघ्यावर होता, वाकावं लागलं. वाकल्यावर लोकांचे चेहरे दिसत नव्हते, ते एका परीनं बरंच होतं. नावाचा पहिला ‘डो’ त्यानं नीट, मात्रा देऊन काढला.

चिखलातून कोणी चालत आल्याचा आवाज झाला. पावलं बायांपाशी थांबली. रेणुकाबाईच्या पुढ्यात, गवतावर, काहीतरी हलकेच ठेवलं गेलं. डोमाजीला खालच्या नजरेनं रिमोटचा काळा कोपरा दिसला. मग एक हात आला आणि कागदावर, त्याच्या अर्ध्या नावावर, पसरून राहिला. बोटांच्या पेरांवर कापसाच्या बोंडांचे जुने ओरखडे होते.

“बाजूला हो,” तो पुटपुटला. “शाई पसरन.”

हात हलला नाही.

“चंदे, गप राय.”

“लिहू नका, साहेब,” चंदा म्हणाली. यंत्र अडकल्यापासून जेमतेम वापरलेला आवाज आधी फाटला, मग लागला. सगळ्या धुऱ्याला ऐकू जावं एवढा मोठा. “मामाजी खोटं बोलून राह्यले. सकाळी त्यायनं मले खरं सांगतलं होतं.”